निरंक

झिंदेरमध्ये मंगळवारी सकाळी
फोन यायला लागतात.
बाल्किसा माझूच्या कानाला फोन, हातात पेन्सिल,
समोर तक्ता,
एकेक चौकट एकेका आरोग्य केंद्राची.

"ताप तीन. मान ताठ, एक."
"निरंक."
"निरंक. आणि बाई, सुया संपल्यात."

निरंकसुद्धा कळवायचं असतं,
हे शिकवण्यात तिची किती वर्षं गेली.
काही नाही, हेही काहीतरी असतं.

बाहेर हार्मटन.
वाळवंट उठून वस्तीला आलंय:
बाजरीच्या पिठात, पापण्यांवर, झोपलेल्या बाळाच्या ओठांवर.
घसे आतून खरवडले जातात
आणि त्या ओरखड्यांतून शिरतो सांकाराऊ.
हौसा बायका हे नाव घेताना
आपलीच मान एकदा वळवून बघतात.

पाण्याआधी वळण बांधावं, खरंय.
धुळीआधी काय बांधायचं?
बाल्किसा आकडे बांधते.
हवेतला ओलावा, सोळा टक्के.
लस गेल्या साली कुठवर पोचली,
ट्रक कुठल्या नाल्यात रुतला.
संगणक सगळं एकत्र दळतो
आणि नकाशावर जिल्हे रंगवतो
सहा आठवड्यांनंतरचे.
अजून आजारी न पडलेल्यांची ही मोजदाद.
ती मुलं आत्ता विहिरीवर
पोहऱ्यासाठी भांडत असतील.

"खात्री किती?" नियामेहून साहेब विचारतात.
"सत्तर टक्के."
"म्हणजे तीस टक्के काहीच होणार नाही?
बर्फ वितळेल, लस फुकट जाईल, तोंड माझं दिसेल."
मागच्या खेपेला ती चाळीस म्हणाली होती
आणि मग गप्प बसली होती.
त्या गप्प बसण्याचाही एक आकडा आहे.
तो कुठल्याच तक्त्यात नाही.
"सत्तर," ती पुन्हा म्हणते.

त्याच दिवशी गारिन मालाम वाजलं नाही.
तिथला इलियासू एरवी सगळ्यांच्या आधी बोलतो,
शेळी व्यायली तरी कळवतो.
नव्या मुलीनं, सादियानं, त्या चौकटीत शून्य भरलं.
संगणकानं ते मुकाट गिळलं
आणि गारिन मालामला
नकाशातला सगळ्यात फिकट रंग दिला.

चहा निवेपर्यंत बाल्किसा
त्या फिकट ठिपक्याकडे बघत राहिली.
मग खोडरबर मागितलं.
"सादिया, हे शून्य कोणी सांगितलं?"
"कोणीच नाही."
"मग ते शून्य नाही."

मोटारसायकल गेली. नव्वद किलोमीटर, तोंडाला फडकं.
संध्याकाळी माहामाननं खडकावर चढून
रेंज शोधली, मग बोलला.
इलियासू स्वतःच खाटेवर, मान वळेना.
शाळेच्या ओसरीत अकरा जण.
नोंदवही रविवारपर्यंत नीट,
शेवटच्या ओळीत फक्त एक उभी रेघ.
एक असेल, सात असेल,
लिहिणाऱ्याचा हात तिथंच थांबलेला.

रात्री नकाशा काळवंडला.
साहेबांनी या खेपेला टक्के विचारले नाहीत.
पहाटे थंड पेट्या निघाल्या.

तक्त्यानं चारशे सांगितले होते.
हवेत ओल धरेपर्यंत एकसष्ट झाले.
"अंदाज चुकला की तुमचा," साहेब म्हणाले,
हसत म्हणाले, पण म्हणाले.
बाल्किसा म्हणाली, "हो."
एकसष्टांपैकी सहा जणांची नावं तिला पाठ होती,
ती तिनं सांगितली नाहीत.

पुढं कधीतरी एका मंगळवारी
आठ वाजायच्या आत पहिला फोन:
गारिन मालाम.
इलियासूला आता डाव्या कानानं ऐकू येत नाही,
उजव्यानं थोडं,
आणि त्याला वाटतं सगळं जगच तसं झालंय.
म्हणून तो पोटातून ओरडतो,
"निरंक!"

बाल्किसा फोन कानापासून हातभर लांब धरते.
खोलीच्या पार टोकाला
सादिया ते ऐकते
आणि शून्य भरते.